सुताराची मुदत

सुताराने दिलेल्या मुदतीवर फारसा विश्वास ठेवू नये, असा आपल्याकडे एक जुना समज आहे. मुलीच्या आंदणासाठी सांगितलेला पलंग, शाळेसाठी सांगितलेली मेजे किंवा चर्चसाठी सांगितलेले बाक ठरल्या दिवशी मिळाले, तर ती बोलून दाखवण्याजोगी घटना ठरते. ग्राहकाची तक्रार बहुधा खोटी नसते. एकाच वेळी चार ठिकाणांचा विसार घेणारे कारागीर असतात आणि हाती पैसे आल्यावर कामाकडे पाठ फिरवणारेही असतात. परंतु हे सारे मानवी दोष हिशेबातून वजा केल्यावरही मुदतीचा एक मोठा भाग शिल्लक राहतो. तो भाग कोणाचा? तो कोठून येतो? आणि इतिहासात त्याचा भार कोणी वाहिला? या प्रश्नांची उत्तरे शोधायला गोंदियासारखा मुलूख दुसरा नाही. झाडीपट्टीच्या या टोकाला जंगल आहे, लाख आहे, गावोगाव वाढई आहे आणि हे सारे बाहेर वाहून नेणारी आगगाडीही जवळजवळ दीड शतकापासून आहे.

प्रथम एक दूरचे उदाहरण पाहू. १६९३ साली स्वित्झर्लंड व आल्सास या भागांत याकोब आम्मान या धर्मोपदेशकाच्या अनुयायांचा एक गट आपल्या मूळ पंथापासून वेगळा झाला. हेच आमिश लोक. अठराव्या शतकात त्यांनी पेनसिल्व्हेनियात वस्ती केली आणि पुढे ते ओहायो, इंडियाना अशा प्रांतांतही पसरले. शेती हा त्यांचा मूळ व्यवसाय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमिनी महाग झाल्या आणि मोठ्या कुटुंबांतील सर्व मुलांना पुरेल एवढी शेती मिळेनाशी झाली, तेव्हा अनेकांनी घराशेजारी सुतारकामाचे कारखाने काढले. त्यांच्या टेबल-खुर्च्यांना आज अमेरिकेत मोठी मागणी आहे आणि त्या मिळायला कित्येक आठवडे, कधी महिनेही, थांबावे लागते. आमिश लोक यंत्राला शिवतच नाहीत, म्हणून हा उशीर होतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती अपुरी आहे. सार्वजनिक विजेच्या तारा त्यांपैकी बहुतेकांनी घरात येऊ दिल्या नाहीत हे खरे. परंतु डिझेल इंजिनाने हवा दाबून, त्या हवेच्या जोरावर करवती व रंधे चालवण्याची सोय त्यांच्या अनेक कारखान्यांत आहे. फळी कापायला त्यांना दुसऱ्या कोणाहून फार अधिक वेळ लागत नाही. तरीही मुदत लागते. याचा अर्थ असा की, मुदतीचे खरे कारण करवतीच्या वेगापेक्षा खोल कोठेतरी आहे. ते लाकडातच आहे.

आता आपल्या जंगलाकडे वळू. नागझिरा व नवेगाव ही नावे आज अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान म्हणून प्रसिद्ध आहेत. २०१३ साली त्यांचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे नवेगावचे अरण्य मराठी वाचकाच्या घरी पोहोचले. परंतु गावच्या वाढयाच्या दृष्टीने हेच अरण्य एक मोठे कोठार होते, आणि त्यातील प्रत्येक झाडाचा उपयोग त्याला पाठ होता. आखाला व कुऱ्हाडीच्या दांड्याला चिवट धावडा. नांगराला बाभूळ किंवा तिवस. खाटेच्या गात्यांना व दाराच्या चौकटीला बीजा. वाकत नाही आणि वजनाला हलकी म्हणून पाळण्याला व ढोलाच्या खोडाला शिवण. आणि ऐपत असेल त्याच्या घरी साग. साल वृक्षाचे राज्य पुढे बालाघाट-मंडल्याकडे सुरू होते. इकडे प्रतिष्ठा सागाची.

साग परिपक्व व्हायला लागणारा काळ हीच सुताराच्या मुदतीची पहिली वर्षे. इमारती लाकडाच्या सागासाठी वनखाते साधारण साठ ते ऐंशी वर्षांचे चक्र धरते. ज्याने रोप लावले त्याने ते तोडायचे नाही, असा या झाडाचा अलिखित नियमच आहे. सागाची कीर्ती त्याच्या आतल्या गाभ्यामुळे आहे. त्या गाभ्यातील तेलकट द्रव्यांमुळे वाळवी व बुरशी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. बाहेरच्या फिकट लाकडात हा गुण नसतो आणि कोवळ्या झाडात गाभा थोडा, फिकट भाग अधिक. ‘सागवान आहे’ म्हणून घेतलेल्या खुर्चीला पाचव्या वर्षी भुंगा लागतो, तेव्हा लबाडी नेहमी लाकडाच्या जातीत नसते. पुष्कळदा ती लाकडाच्या वयात असते.

झाड पडले की दुसरी मुदत सुरू होते. ताज्या कापलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणी असणे ही सामान्य गोष्ट आहे. हे पाणी जाताना लाकूड आकसते आणि ते सर्व बाजूंनी सारखे आकसत नाही. लांबीत त्याचा फरक नगण्य. वर्तुळांच्या आडव्या दिशेने थोडा. आणि वर्तुळांच्या कडेकडेने त्याच्या साधारण दुप्पट. या असमान आकसण्यामुळेच फळी पिळवटते, चिरते, तिला पन्हाळीसारखा बाक येतो. म्हणून ती आधी वाळवायची आणि मगच तिला माप द्यायचे. ब्रह्मदेशात साग तोडण्यापूर्वी बुंध्याभोवती खोल वलय कापून झाड उभ्या-उभ्या सुमारे तीन वर्षे सुकू देत; कारण ओला साग इरावतीच्या पाण्यावर तरंगत नसे. युरोपातील सुतारांचा जुना ठोकताळा असा की, फळीच्या प्रत्येक इंच जाडीला एक वर्ष. आपल्या उष्ण हवेत एवढा काळ लागत नाही. पण आपली अडचण वेगळीच आहे. गोंदियात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकतो आणि पुढच्याच महिन्यात पावसाची झड लागते. मेच्या उन्हात फळी उघडी टाकली तर तिचे टोक आधी सुकते आणि तेथून भेगा पडतात. म्हणून फळ्या सावलीत, जमिनीपासून वर, मध्ये पट्ट्या घालून रचायच्या, टोकांना माती, शेण किंवा मेणाचा लेप द्यायचा आणि एक उन्हाळा व एक पावसाळा त्यांच्यावरून जाऊ द्यायचा. १९०६ साली स्थापन झालेल्या देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेने भट्टीत लाकूड वाळवण्याच्या शास्त्रावर पुष्कळ काम केले आणि वर्षाचे काम काही आठवड्यांवर आणता येते हे दिसून आले. परंतु त्या आठवड्यांनाही काटछाट चालत नाही. घाईने तापवलेले लाकूड बाहेरून कोरडे आणि आतून ओले राहते, आणि त्याचे भांडण पुढे ग्राहकाच्या घरी सुरू होते.

तिसरी मुदत सांध्याची. खिळा ठोकायला क्षण पुरतो. परंतु श्रावणात फुगणाऱ्या आणि वैशाखात आकसणाऱ्या लाकडाला लोखंडी खिळा जुमानत नाही. तो एक तर सैल होतो किंवा लाकूडच फोडतो. म्हणून जुन्या कारागिराने लाकडाला लाकडानेच बांधले. एका तुकड्यात पटाशी व किकऱ्याने चौकोनी खाच पाडायची, दुसऱ्याच्या टोकाला बरोबर त्या मापाची जीभ काढायची, दोन्ही एकमेकांत बसवून आरपार लाकडी खुंटी मारायची. खाच केसभर मोठी झाली तर सांधा डुगडुगतो. केसभर लहान झाली तर मोगरीच्या ठोक्याने लाकूड चिरते. कपाटाच्या दाराची मधली फळी तर तो मुद्दामच चिकटवत नाही. चौकटीतल्या खोबणीत ती मोकळी ठेवतो, म्हणजे ऋतूप्रमाणे तिला आत-बाहेर सरकायला जागा राहते. आजोबांच्या कपाटाचे दार साठ वर्षांनीही नीट लागते आणि नव्या कपाटाचे पहिल्याच पावसात अडकते, याचे रहस्य बहुधा या दोन-चार सुतांच्या मोकळीकीत असते. ही मोकळीक गुण्याने मोजून मिळत नाही. कोणते लाकूड किती हलते याची जाण हाताला यावी लागते आणि हात तयार व्हायलाही वर्षे लागतात. ही चौथी मुदत म्हणता येईल. तिची नोंद कोणत्याही पावतीवर होत नाही.

शेवटची मुदत झिलईची, आणि येथे गोंदियाचा संबंध थेट येतो. या गावाचे नावच ‘गोंद’ म्हणजे डिंक यावरून किंवा डिंक व लाख विकायला आणणाऱ्या गोंड लोकांवरून पडले असे सांगतात. लाखेचे कारखाने ही एके काळी गोंदियाची ओळख होती. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वस्ती करतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेसारखे कवच तयार करतात. रंगीनी आणि कुसुमी अशा त्यांच्या दोन जाती. प्रत्येकीची वर्षाला दोनच पिके. फांदीवरून खरवडलेली लाख दळून, धुऊन, कापडाच्या लांब पिशवीत भरून विस्तवासमोर वितळवायची आणि पिळून निघालेला गरम रस हातापायांनी ताणून त्याचा पातळ पापुद्रा करायचा, हा चपडा. तो स्पिरिटमध्ये विरघळवला की सुताराचे पॉलिश तयार होते. कापसाचा बोळा कापडात गुंडाळून त्याने हे पॉलिश चढवतात. एक हात द्यायचा, सुकू द्यायचा, बारीक घासायचा, पुन्हा हात द्यायचा. चांगल्या कामाला असे कित्येक हात लागतात. दमट हवेत हात दिला तर पृष्ठभागावर पांढरट धुके येते. म्हणून पावसाळ्यात पॉलिशचे काम थांबवणारा कारागीर कामचुकार नसून जाणता असतो. पुढे कारखानी रंगांनी लाखेची जागा घेतली. जगभर लाखेपासून होणाऱ्या ग्रामोफोनच्या तबकड्याही १९५० नंतरच्या दशकात प्लॅस्टिकच्या झाल्या, आणि लाखेच्या बाजाराला उतरती कळा लागली.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. एवढा वेळ लागत होता, तर त्याचे मोल कोण देत होते?

जुन्या गावगाड्यात याचे उत्तर सरळ होते: गाव देत होते. रसेल व हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातीजमातींवर लिहिलेला ग्रंथ १९१६ साली चार खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात आणि त्या काळच्या इतर सरकारी कागदपत्रांत खेड्यातील सुताराच्या मोबदल्याची जी पद्धत दिसते, ती वस्तूवर आधारलेली नाही. शेतकऱ्याने दर नांगरामागे ठरलेले धान्य वर्षाच्या सुगीला द्यायचे आणि सुताराने वर्षभर नांगर, वखर, जू, बंडी यांची घडण व दुरुस्ती पाहायची. नव्या वस्तूचे मोल वेगळे मिळे. पण पोट वर्षाच्या धान्यावर असे. या व्यवस्थेत लाकूड वाळत असतानाही सुताराची चूल पेटत होती. लाकूडही निस्ताराच्या हक्काने जवळच्या रानातून मिळे. नांगराचा सांधा लवकर मोडला तर दुरुस्ती त्याच्याच गळ्यात, म्हणून वस्तू टिकावी यात त्याचाही स्वार्थ होता. या व्यवस्थेचे गोडवे मात्र गाऊ नयेत. तिच्यात जातीची उतरंड होती, सुताराला गाव सोडण्याची मुभा थोडी होती, आणि दुष्काळाच्या वर्षी त्याचे धान्य सर्वांत आधी आटत असे. तरीही वाट पाहण्याची किंमत सर्वांनी मिळून सोसायची, एवढी एक गोष्ट तिला ठाऊक होती.

ख्रिस्ती वाचकाला येथे नाझरेथची आठवण होणे स्वाभाविक आहे. संत मार्कच्या शुभवर्तमानात गावकरी येशूला सुतार म्हणून ओळखतात. दुसऱ्या शतकातील संत जस्टिन याने तर येशू नांगर आणि जोखडे बनवीत असे, अशी नोंद केली आहे. पुढच्या चित्रकारांनी संत योसेफाच्या कार्यशाळेत सुबक मेजे मांडली. परंतु जस्टिनच्या शब्दांतला सुतार आपल्या झाडीपट्टीतील वाढयाला अधिक जवळचा आहे. ज्याचे काम शेतकऱ्याच्या पेरणीशी बांधलेले आहे, असा तो गावचा माणूस. १९५५ साली बाराव्या पायस पोपमहोदयांनी १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफाचा सण म्हणून ठरवला. पुढे महाराष्ट्र राज्य आणि १९९९ साली गोंदिया जिल्हा यांचाही जन्म त्याच तारखेला व्हावा, हा केवळ योगायोग. पण लक्षात ठेवण्यासारखा.

गावगाड्याची ही घडी विस्कटली ती रेल्वे व वनकायदे या दोहोंच्या येण्याने. नागपूर-छत्तीसगढ रेल्वेचा मार्ग गोंदियावरून १८८२ पर्यंत राजनांदगावला पोहोचला. नंतर तो बंगाल-नागपूर रेल्वेकडे गेला आणि रुंद झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जबलपूर व नागभीड या दोन्ही दिशांना छोट्या गाड्या धावू लागल्या आणि गोंदिया जंक्शन झाले. त्या काळी एक मैल रुळांखाली सुमारे १,७६० ते २,००० लाकडी स्लीपर लागत. या हिशेबाने नागपूर ते गोंदिया या सुमारे ऐंशी मैलांनाच दीड लाखांच्या आसपास स्लीपर हवे. आणि ते कायमचे टिकणारे नव्हते, ठरावीक वर्षांनी बदलावे लागत. ज्या झाडांना वाढायला शंभर वर्षे लागली, ती रेल्वेच्या कंत्राटदाराला एका हंगामात हवी होती. लाकडाच्या वेळेकडे आणि माणसाच्या घाईकडे इतक्या मोठ्या प्रमाणावर एकत्र पाहण्याची वेळ या मुलखात प्रथमच आली.

सरकारलाही ही टंचाई जाणवली होती. १८६४ साली वनखाते सुरू झाले, जर्मन वनतज्ज्ञ डीट्रिख ब्रँडिस त्याचे पहिले प्रमुख झाले, १८६५ व १८७८ साली कायदे झाले. शंभर वर्षांचा विचार करणारे खाते निर्माण झाले, ही त्यातील जमेची बाजू. परंतु राखीव झालेल्या रानात गावच्या सुताराचा पाय अडखळू लागला. पूर्वी हक्काने मिळणाऱ्या लाकडासाठी परवाना व पैसा लागू लागला. कामठा, आमगाव यांसारख्या जमीनदाऱ्यांची जंगले मात्र मालकांच्या हाती राहिली. १९५१ साली मध्यप्रदेशात मालकी हक्क रद्द झाले तेव्हा तीही सरकारजमा झाली.

याच काळात फर्निचर नावाची वस्तू खेड्याच्या उंबऱ्याशी आली. त्यापूर्वी सामान्य घरात खाट, पाट, पाळणा आणि पेटी याहून अधिक लाकडी सामान नसे; बसायला जमीन आणि धान्याला बांबूचा ढोला. ‘खुर्ची’ हा शब्द अरबी, ‘अलमारी’ पोर्तुगीज. वस्तू परकी असल्याची साक्ष तिचे नावच देते. कचेरी, डाकबंगला, स्टेशन, शाळा, मिशनचे दवाखाने आणि चर्च यांना टेबल, खुर्च्या, बाक हवे झाले. गावचा वाढई गावात राहिला. शहरात आलेला ‘मिस्त्री’ झाला. त्याला रोख पैसा मिळू लागला आणि मान वाढला, ही त्याची खरीखुरी मुक्ती होती. परंतु आता मोबदला नगावर होता. लाकूड वाळण्याची वर्षे, सांध्याचे दिवस, पॉलिशमधले थांबे यांचे पैसे वेगळे कोणी देत नव्हते. वेळ तोच राहिला. त्याचा भार मात्र गावाच्या खांद्यावरून उतरून एकट्या कारागिराच्या खांद्यावर आला. मुदत चुकण्याची जी सवय आपण त्याच्या स्वभावात शोधतो, तिचे एक मूळ येथे आहे. एका कामाचे लाकूड सुकेपर्यंत तो दुसरे काम घेणार, दुसऱ्याचे पॉलिश सुकेपर्यंत तिसरे. नाहीतर त्याने खायचे काय?

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९७४ साली महाराष्ट्र वनविकास महामंडळ स्थापन झाले आणि पूर्व विदर्भात सागाची लागवड मोठ्या प्रमाणावर झाली. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशाने देशभरातील वृक्षतोड व आरागिरण्या यांवर कडक बंधने आली. जंगलासाठी ते आवश्यकच होते. लहान सुताराला मात्र चांगले लाकूड आणखी दुर्मिळ झाले. ती जागा प्लायवूडने आणि लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांनी घेतली. त्यांना वाळवावे लागत नाही, ऋतूप्रमाणे त्या फारशा हलत नाहीत, सांधा स्क्रूने होतो, वर चिकटवलेल्या कागदी चकाकीला पॉलिश लागत नाही. कमी पैशांत चार घरांत कपाट आले, हे या वस्तूंचे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. परंतु भुशाच्या फळीला पाणी लागले की ती फुगते, स्क्रूचे भोक एकदा सैल झाले की पुन्हा धरत नाही आणि दुरुस्तीऐवजी ती टाकून द्यावी लागते. ‘पी हळद आणि हो गोरी’ असा हा व्यवहार आहे. येथे वेळ वाचला असे वाटते. वस्तुतः तो पुढच्या पिढीच्या नावे उधार लिहिला जातो.

दरम्यान नागपूर-बल्लारशाकडील सागाची कीर्ती ओसरलेली नाही. २०२३ साली उघडलेल्या नव्या संसदभवनासाठी सागवान नागपूरहून गेले. राष्ट्राला आपल्या सभागृहासाठी वाट पाहणे परवडते. प्रश्न साध्या घराचा आणि साध्या सुताराचा आहे. त्याचा मुलगा हा धंदा शिकायला तयार नसेल तर त्याला दोष देता येणार नाही. ज्या कामात निम्मा वेळ वाट पाहण्याचा आणि त्या वेळेचा मोबदला शून्य, ते काम शहाण्या मुलाने का स्वीकारावे? आमिश कारखानदाराकडे ग्राहक आगाऊ पैसे देऊन महिनोन्‌महिने थांबतो, कारण त्या मुदतीलाच तो वस्तूच्या किमतीचा भाग मानतो. आपल्या गावगाड्यालाही हे एके काळी कळत होते, जरी त्याची रीत अन्यायाने डागाळलेली होती. अन्याय टाकून ती समज परत आणणे अशक्य नाही.

धर्मग्रामाने बाक करायला सांगताना किंवा बापाने मुलीसाठी पलंग सांगताना भावाबरोबर आणखी चार प्रश्न विचारावेत. लाकूड केव्हा कापलेले आहे? ते कोठे वाळवले? सांधा खाचेचा की खिळ्याचा? पॉलिशचे हात किती? या प्रश्नांना ज्याच्याकडे सरळ उत्तरे आहेत, त्याने मागितलेली मुदत द्यावी, आणि लाकूड वाळत असताना त्याचे घर चालेल एवढी रक्कम आधी हाती ठेवावी. ज्याच्याकडे उत्तरे नाहीत, त्याच्याबद्दलची आपली जुनी तक्रार खुशाल चालू ठेवावी.